डोक्यावरचे हात

देविका पळायला लागली की पहिले तीन-चार किलोमीटर तिच्या आसपास कुणी फिरकायचं नाही. नांदेडच्या तिच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं. आणि त्यानंतर काय होतं, तेही सगळ्यांना माहीत होतं.

हिमायतनगरच्या शर्यतीत तेच झालं. डिसेंबरची सकाळ, हवेत गारवा, रस्ता सरळसोट. तक्रार करायला कुठं जागाच नव्हती. शिट्टी झाली तशी देविका सुटली, आणि कापसाच्या जिनिंगच्या फाटकापर्यंत तिनं बाकीच्या पोरींना एवढं मागं टाकलं की पुढं मोटरसायकलवर चाललेला पंच सारखा मान वळवून तिच्याकडंच बघत होता. मग शेवटचा टप्पा आला. श्वास जड झाला, छाती भरून आली, आणि एका कडुलिंबाखाली देविका चक्क थांबली. पडली नाही, लंगडली नाही. नुसती थांबली, कडेला गेली आणि वाकून उभी राहिली. एकेक करत पोरी तिच्यासमोरून निघून गेल्या. तिच्याच कॉलेजची तूबा तेवढी जाता जाता जरा घुटमळली, पण देविकानं हातानंच तिला ‘जा’ म्हणून खुणावलं.

खेळाचे शेषेराव सर फटफटी घेऊन परत आले तेव्हा ती तिथंच होती.

“पाय मुरगळला का?”

“नाही सर.”

“पोटात कळ आली?”

“नाही.”

“मग काय झालं?”

“माहीत नाही सर.”

“माहीत न्हाई!” सर मूळचे लोह्याकडचे. चिडले की कॉलेजची भाषा सोडून गावच्या भाषेवर यायचे. “परभणीला हेच, देगलूरला हेच, आन आता हितं. देवानं पाय घोड्याचे दिलेत तुला, पन काळीज चिमणीचं हाय बघ. मनानं लई कच्ची हायेस तू.”

 सरांचं देविकाला वाईट वाटलं नाही, कारण तिचंही स्वतःबद्दल हेच मत होतं. सरांनी मागच्या महिन्यात दिलेलं, लाल अक्षरात ‘थांबू नका’ छापलेलं कार्ड तिनं हॉस्टेलच्या भिंतीवर कॉटच्या बरोबर समोर चिकटवलं होतं. रोज सकाळी डोळे उघडले की ते दिसायचं, आणि रोज सकाळी तिला आधीच हरल्यासारखं वाटायचं.

परतीच्या टेम्पोत तूबा तिच्या शेजारी येऊन बसली. तिसरा नंबर आला म्हणून मिळालेला स्टीलचा डबा तिच्या मांडीवर होता. तूबा इतवाऱ्यातल्या गफूरभाई रफूवाल्यांची मुलगी. सलवार, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, असा तिचा पळायचा पोशाख. वेग तिला कधीच नव्हता. पण तिला थांबताना कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि गप्प बसलेलं तर कधीच नाही. आज मात्र ती बराच वेळ गप्प होती. भोकर मागं पडल्यावर ती म्हणाली,

“एक विचारू? रागवू नको.”

“विचार.”

“थांबायच्या आधी तू डोक्यावर हात का घेतीस?”

“कसले हात?”

“दोन्ही. अशे.” तूबानं दोन्ही हात वर घेऊन डोक्यावर झाकण घातल्यासारखे ठेवले आणि मान आत ओढली. “मी मागून बघून राहिले होते. देगलूरला पण तू असंच केलंस. आधी हात वर जातात, मग तू थांबतीस. वरून काहीतरी पडून राहिलंय असं वाटतं बघणाऱ्याला.”

“मी नाही असं काही करत.”

“अल्ला कसम, करतीस.”

देविका खिडकीकडं तोंड करून बसली. तिला राग आला होता, आणि कशाचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विष्णुपुरीच्या रस्त्यावर सराव होता. देविका रोजच्यासारखी पुढं निघाली. तूबानं त्या दिवशी शाळेत जाणाऱ्या कुणाची तरी सायकल मागून घेतली होती आणि ती मागून मागून येत होती. विद्यापीठाची कमान जवळ आली, चढ लागला, देविकाचा श्वास फुलला, छातीत ते ओळखीचं भरून येणं सुरू झालं. तेवढ्यात मागून तूबा जिवाच्या आकांतानं ओरडली, “हात बघ!”

देविकानं बघितलं. तिचे दोन्ही कोपर कानांच्या वर होते. बोटं केसांत रुतली होती. आपले हात तिथं कधी गेले, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. तूबानं सायकल तशीच आडवी टाकली आणि जवळ येऊन टेकली.  मग देविका म्हणाली, “मी भूकंपात सापडले होते.”

नांदेडात हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्र्याण्णव साली देविका सात वर्षांची होती. तिचे वडील राघवेंद्रराव औसा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. आई सरोजिनी बाळंतपणासाठी उमरीला माहेरी गेली होती, म्हणून गावात बाप-लेकच होते. राहायला नागुबाई नावाच्या एकट्या बाईच्या घरातल्या दोन खोल्या. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. त्या रात्री गावात गणपतीचं विसर्जन झालं. मिरवणुकीत नाचून दमलेली देविका नागुबाईच्या कुशीत आत झोपली आणि वडील अंगणात बाजेवर. पहाटेच्या अंधारात घर खाली आलं. अंगणातले वडील वाचले. नागुबाई गेली. देविकाच्या वर मात्र भिंतीच्या कोपऱ्यात एक आडवं लाकूड असं अडकलं की तिच्यापुरती पोकळी राहिली. डोक्यावर हात घेऊन, गुडघे पोटाशी धरून, नाकातोंडात माती जात असताना ती तिथं होती. दिवस चांगलाच वर आल्यावर तिला बाहेर काढलं.

“मी आधी बाबांना हाका मारल्या,” देविका म्हणाली. “मग सोडून दिलं. कंटाळले की काय, कोण जाणे. एवढं आठवतं, की मी हाका मारायचं सोडून दिलं होतं. सर म्हणतात ते खोटं नाही. मी तेव्हापासूनच अशी आहे.”

“सात वर्षांची होतीस तू,” तूबा म्हणाली.

“हो. पण सोडलं ना.”

 तूबानं स्कार्फच्या टोकानं देविकाच्या कपाळावरचा घाम पुसला.

खरं म्हणजे देविका पळायला लागली तीही त्यापायीच. दहावीनंतर वडिलांनी तिला लातूरला ठेवलं. तेव्हा ज्याच्या पोराला बरे मार्क पडायचे, तो पोराला घेऊन लातूर गाठायचा. लेक डॉक्टर होणार, हे राघवेंद्ररावांनी ती मातीतून निघाली त्या दिवशीच ठरवून टाकलं असावं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, एका खोलीत चार कॉटा, आणि पत्र्याच्या लांबच लांब हॉलमध्ये मांडीला मांडी लावून बसलेली शेकडो पोरं. त्या हॉलमध्ये देविकाचा जीव गुदमरायचा. फळ्यावरचं सूत्र उतरवता उतरवता तिला दार कुठं आहे ते बघावं लागायचं. मग ती पहिल्या बॅचच्या आधी उठून क्रीडा संकुलाच्या मैदानावर जायला लागली. डोक्यावर नुसतं आभाळ, भोवती भिंत नाही. तिथं तिला मोकळं वाटायचं. दिवसभर बसायचं बळ ती सकाळीच गोळा करून आणायची. सीईटी तिनं दोनदा दिली आणि दोन्ही वेळा मेडिकलची सीट थोडक्यात हुकली. वडील काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत याचंच तिला ओझं झालं. शेवटी नांदेडला बी.एस्सी.ला नाव घातलं. पुस्तकं मागं राहिली, पळणं सोबत आलं.

“सरांना सांग,” तूबा म्हणाली.

“सर हसतील.”

“हसले तर मी त्यांची फटफटी पंक्चर करीन.”

सर हसले नाहीत. जिमखान्याच्या खोलीत, भाल्यांच्या आणि फाटक्या जाळ्यांच्या मध्ये उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीवर बसले आणि टेबलावरची शिट्टी उगाच इकडून तिकडं सरकवत राहिले.

“मी तुला चिमणीचं काळीज म्हणालो,” ते म्हणाले.

“असू द्या सर.”

“असू कसं देऊ?” त्यांनी शिट्टी बाजूला ठेवली. “हे बघ बाई, मला काय ह्यातलं शास्त्र येत न्हाई. पन एक कळतं. तुझा श्वास कोंडला की तुझ्या अंगाला वाटतं, तू अजून तिथंच हायेस. मग अंगाला रोज दाखवावं लागंल, की तू हितं हायेस म्हनून. तुला काय वाटतं, पळताना किती गोष्टी करता येत्यात?”

“दोन. पळायचं, नाहीतर थांबायचं.”

“हिथंच चुकतंय. हळू व्हायचं ही तिसरी हाय. चालायचं ही चौथी. घाबरलीस तर हळू हो. लईच घाबरलीस तर चाल. कुनी बोलनार न्हाई, मी तर न्हाईच. आन डोळे वर ठेवून मोठ्यानं सांगायचं, काय काय दिसतंय ते. आभाळ दिसतंय ना, मग तू बाहेर हायेस.”

हॉस्टेलवर गेल्यावर देविकानं ते लाल अक्षरांचं कार्ड काढून पेटीत तळाशी घातलं.

दुसऱ्या दिवसापासून विष्णुपुरीच्या रस्त्यावर एक तमाशाच सुरू झाला. देविका पळायची, बाजूनं तूबा सायकलवर, आणि चढ लागून श्वास फुलला की देविका मोठ्यानं सांगायची, “बाभूळ. विजेचा खांब. म्हैस. अजून एक म्हैस. दूधवाला.” दूधवाला दचकून बघायचा. “आभाळ. कमान. शेळी.” “शेळी न्हाई, कुत्रं हाय ते,” तूबा म्हणायची, आणि दोघी हसायला लागल्या की पळणं आणखीच अवघड व्हायचं. कधी छातीतलं ते भरून येणं इतकं वाढायचं, की देविका चालायला लागायची. आधी तिला चालण्याची लाज वाटायची. मग तिच्या लक्षात आलं, की चालता चालता ते ओसरतं. चढतं, शिगेला पोचतं, आणि मग ज्वारीला पाणी देताना वाफा भरला की ते पुढं सरकावं तसं निघून जातं. इतकी वर्षं ती नेमकी शिगेला थांबत आली होती. पलीकडचा उतार तिनं कधी बघितलाच नव्हता.

जानेवारी लागला तोवर ती चढ न थांबता पार करायला लागली होती. हात अधूनमधून वर जायचे, पण आता ते तिचे तिलाच कळायचे. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री लातूरला होणार होती आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडायचा होता. सरांनी तिचं नाव पाठवलं.

आणि शर्यतीला दहा-बारा दिवस राहिले असताना सगळं मोडलं. सकाळी रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चालले होते. एकानं पुढच्याला मागं टाकायला चाक कडेच्या कच्च्या मातीत घातलं, आणि देविका बरोबर त्याच्या मागं होती. धुळीचा लोट तिच्या अंगावर आला. नाकात माती, तोंडात माती, समोरचं काही दिसेना. तूबा पोचली तेव्हा देविका नालीच्या काठाला, डोक्यावर हात घेऊन, गुडघे पोटाशी धरून पडली होती. तूबानं हाका मारल्या, हलवलं, शेवटी तिला कवेत घेऊन बसली. ट्रॅक्टरवाला उतरून आला आणि ओशाळून पाण्याची बाटली पुढं करत राहिला.

सावरल्यावर देविका एवढंच म्हणाली, “नको आता. खूप झालं हे.”

त्याच दिवशी तिनं उमरीची गाडी धरली.

राघवेंद्रराव आता उमरीजवळच्याच एका शाळेवर हेडमास्तर होते. रविवार होता, धाकटा भाऊ खेळायला गेला होता. ओसरीवर पोतं अंथरून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. कॉलेज चालू असताना लेक अवचित आली म्हणून आईनं दहा प्रश्न विचारले, पण वडिलांनी नुसतं सरकून पोत्यावर जागा केली. देविका बसली आणि शेंगा फोडायला लागली. आई आत भाकरी टाकायला गेली, तेव्हा ती म्हणाली,

“बाबा, मी पळणं सोडते आहे.”

“का गं? अभ्यासासाठी?”

“नाही. मला जमत नाही. शेवटी शेवटी मी सोडून देते. माझा स्वभावच तसा आहे.”

राघवेंद्ररावांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “असं कोण म्हणालं तुला?”

“कुणी कशाला म्हणायला पाहिजे? तेव्हासुद्धा,” ती अडखळली. त्या दिवसाबद्दल बाप-लेक आजवर एक शब्दही बोलले नव्हते. “तेव्हासुद्धा मी तुम्हाला हाका मारायचं सोडून दिलं होतं. मला आठवतं.”

राघवेंद्ररावांचे हात थांबले. त्यांनी लेकीकडं असं बघितलं की तिला वाटलं, आपण भलतंच काहीतरी बोललो.

“हाका थांबल्या होत्या,” ते म्हणाले. “घसा बसला असेल तुझा. किती माती गेली होती तोंडात. पण तू वाजवत होतीस ना.”

“काय वाजवत होते?”

“तांब्या. नागुबाई रात्री उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन झोपायची. तो तुझ्या हाताला लागला असणार. तो तू दगडावर वाजवत होतीस. तुला आठवत नाही?”

देविकाला काहीही आठवत नव्हतं.

“म्हणून तर सापडलीस,” राघवेंद्रराव म्हणाले.  “सगळं घर एक ढीग झालं होतं. कुठं उकरायचं तेच कळेना. हाका थांबल्या तसा मी तर हातपाय गाळून खाली बसलो. शेजारचा ईश्वरप्पा होता. त्याचं स्वतःचं घर बसलं होतं. त्यानं ढिगाला कान लावला आणि म्हणाला, गुरुजी, भांडं वाजतंय. मग आम्ही त्या आवाजावर उकरत गेलो. तू मधेच थांबायचीस. बराच वेळ आवाज नाही यायचा. मला वाटायचं, संपलं. ईश्वरप्पा म्हणायचा, थांबा गुरुजी, दमली आसंल पोरगी, पुन्हा वाजवंल. आणि पुन्हा वाजायचं. दोनदा, तीनदा, मग पुन्हा गप्प. असं किती वेळ चाललं, देव जाणे. तू सोडून दिलं असतंस, तर आपण आज इथं शेंगा फोडत बसलो नसतो.”

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. देविका मुठीतल्या शेंगा तशाच धरून बसली होती.

“तुम्ही हे मला कधीच सांगितलं नाही.”

“तुला माहीतच असेल असं वाटलं. तूच तर केलं होतंस सगळं.” त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. “आणि म्हटलं, पोरगी विसरली असेल तर कशाला आठवण काढा.”

त्यावर देविका रडली. लहान मुलासारखी, आवाज काढून. आई पीठभरल्या हातांनी बाहेर आली, दोघांकडं बघितलं, आणि काही न विचारता खाली बसून तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. रडता रडता देविकाला जाणवलं, की आपल्याला हलकं वाटतंय. किती वर्षांनी, ते तिला सांगता आलं नसतं. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा कुठं आई उठली.

लातूरच्या शर्यतीला सरांनी तिला एकच सांगितलं. “नंबर मागत न्हाई मी. पळ, चाल, बस, काय पण कर. निस्ती शेवटच्या दोरीपतूर ये.”

शहराबाहेरच्या एका कॉलेजच्या मैदानातून सुरुवात होती. पुढं डांबरी रस्ता, मग शेतातली पांदण, आणि वळसा घेऊन परत मैदान. दोन्ही बाजूंनी हरभरा, मधेच उभा ऊस. देविका या वेळी सुटतानाच पुढं गेली नाही. पहिल्या आठ-दहा जणींच्या घोळक्यात राहिली. पांदण लागेपर्यंत ती तिसरी होती आणि श्वास तिच्या ताब्यात होता.

पांदणीत आयोजकांची जीप पुढं होती. कोरडी काळी माती, आणि जीपच्या मागं धुळीचा पडदा. देविकाला तो लांबूनच दिसला. ती हळू झाली. “हरभरा,” ती म्हणाली. “बांध. मोटारपंपाची खोपी. आभाळ.” शेजारून पळणाऱ्या उदगीरच्या पोरीनं तिच्याकडं चमकून बघितलं आणि पुढं निघून गेली. मग धूळ आली. नाकात गेली, दातांत करकरली. आभाळ दिसेनासं झालं. छाती भरून आली, कानात घूं घूं सुरू झालं, आणि देविका थांबली.

ती उसाच्या कडेला उभी होती. कुणीतरी धापा टाकत बाजूनं गेलं. मग आणखी तिघी गेल्या. तूबा कुठंतरी बरीच मागं होती, सर मैदानात होते. ‘हात बघ’ म्हणायला इथं कुणी नव्हतं. तिनं आपले आपणच बघितले. हात डोक्यावर होते. ती त्यांच्याकडं जरा वेळ दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी बघत राहिली. त्या हातांची तिला एकाएकी दया आली. केवढी राखण केली होती त्यांनी. मग तिनं ते खाली घेतले, टी-शर्टनं तोंड पुसलं, मातीची थुंकी टाकली आणि चालायला लागली.

चालली. मग जरा भरभर चालली. मग पाय आपोआप उचलायला लागले. छातीतलं ते अजून गेलं नव्हतं, पण तेही सोबत निघालं होतं, आणि आता ते चढत नव्हतं. धूळ खाली बसली. उसाच्या तुऱ्यांवर ऊन आलं होतं. वळणावर खोकत खोकत पळणारी एक पोर तिनं मागं टाकली. डांबरी लागल्यावर आणखी एक. पुढची उदगीरची होती. तिच्या बरोबरीनं देविका बराच वेळ पळत राहिली. दोघींच्या धापा एका तालात पडत होत्या, आणि मैदानाच्या फाटकाशी देविका अर्ध्या पावलानं पुढं सरकली.

दोरीच्या पलीकडं शेषेराव सर उभे होते आणि हाताचा पंजा उंच धरून नाचल्यासारखं काहीतरी करत होते. ते आपल्याला थांबायला सांगतायत असं वाटून देविकाला भलताच राग आला, आणि त्या रागात ती दोरीच्या पुढं पार मंडपाच्या खांबापर्यंत पळत गेली.

“अगं, पाचवी! पाचवी आलीस! थांब आता, थांब!” सर मागून ओरडत होते.

देविका गवतावर उताणी पडली. पोट वरखाली होत होतं, श्वास फाटला होता, आणि तिला कसलीही भीती वाटत नव्हती. ती नुसती दमली होती, माणूस पळून दमतं तशी. सर येऊन उभे राहिले. त्यांना बहुतेक खूप बोलायचं होतं, पण त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, “घामाची पडू नको, अंग धरंल.” आणि स्वतःचा स्वेटर काढून तिच्या अंगावर टाकला.

बऱ्याच वेळानं तूबा आली. आपला नंबर कितवा, हे तिनं विचारलंच नाही. दोरी ओलांडली आणि तशीच देविकाला शोधत आली आणि धप्पकन तिच्या अंगावर पडली. पाचवा नंबर कळल्यावर तिनं अशी किंकाळी फोडली की मंडपातले पाहुणे उठून उभे राहिले. विद्यापीठाच्या संघात पहिल्या सहा जणी घेणार होते.

परत निघायच्या आधी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून देविकानं उमरीला शेजाऱ्यांकडं फोन लावला आणि वडिलांना बोलावून घेतलं. त्यांना यायला वेळ लागला. धापा टाकत ते फोनवर आले.

“बाबा, पोचले मी शेवटपर्यंत.”

 राघवेंद्रराव म्हणाले, “बरं झालं. फार बरं झालं.” आणि जरा थांबून, “जेवलीस का?”

“जेवते आता.”

“भरपूर जेव. भात घे परत.”

ती हसली. बूथवाला मीटरकडं बोट दाखवत होता, तूबा बाहेरून काचेवर टकटक करत होती, एसटी सुटायला आली होती.

दुसऱ्या दिवशी देविकाला जाग आली तेव्हा खोलीत लख्ख ऊन होतं. मैत्रिणी केव्हाच कॉलेजला गेल्या होत्या. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बुडालं होतं. ती उठायला गेली आणि मांड्यांतून अशी कळ आली, की पुन्हा कॉटवर बसली. भिंतीला धरून ती जिन्याशी गेली. सरळ उतरणं काही जमेना, म्हणून पाठमोरी होऊन, कठडा धरून, एकेक पायरी उलटी उतरायला लागली. खाली मेसच्या मावशी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर करून हा प्रकार बघितला आणि पदर तोंडाला लावला.

“काय गं पोरी, हे काय करून राहिलीस?”

“पाय दुखतात मावशी. पोहे उरलेत का?”

“हायेत की. पर खाली येस्तोवर गार होतील.”

“होऊ द्या,” देविका म्हणाली, आणि हसत हसत पुढची पायरी पायानं चाचपायला लागली.